कमळामावशी आणि सायलीचं दार

कमळामावशींसमोर कुणी ‘बिचारा’ म्हटलं की त्याला पाणी भरावं लागे. हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला होता आणि त्यातून कुणालाही सूट नव्हती. रोह्याच्या आमच्या विशेष मुलांच्या शाळेत एकदा धाटावच्या एका कंपनीतले साहेब फळं वाटायला आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, मागे फोटो काढणारा माणूस. दिनेशला केळं देताना त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “बिचारा!” झालं! मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं, कोपऱ्यातली कळशी उचलली आणि साहेबांच्या हातात दिली.

“साहेब, नळ त्या तिकडं हाय. आमच्या हितं बिचारा बोललं की दोन कळश्या.”

मुख्याध्यापक सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शाळेच्या नव्या स्वच्छतागृहाचा अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर पडून होता! पण साहेब हसले, बाह्या सरसावल्या आणि खरोखर नळावर गेले. दुसऱ्या कळशीला दिनेशनं एका बाजूनं हात लावला. तेरा वर्षांचा दिनेश बोलत नाही, पण कळशी कुणी वाकडी धरली तर त्याला अजिबात खपत नाही. त्यानं साहेबांचा हात धरून नीट जागेवर ठेवला. पुढे ते साहेब दर महिन्याला येऊ लागले, तेही फोटोवाल्याला न घेता.

मावशी कागदोपत्री ‘मदतनीस’ होत्या. त्यांचं काम म्हणजे पेणहून सुटणाऱ्या शाळेच्या गाडीत बसायचं, वाटेतली मुलं गोळा करायची, रोह्याला पोचवायची आणि संध्याकाळी परत न्यायची. मधल्या वेळात जे पडेल ते. मी पनवेलहून पदविका घेऊन नव्यानं आलेली शिक्षिका, पेणला राहायचे आणि याच गाडीनं ये-जा करायचे. माझ्याकडे रंगीत तक्ते होते, प्रत्येक मुलाची फाइल होती आणि प्रत्येक फाइलमध्ये सहा महिन्यांची उद्दिष्टं होती. सगळी मुलं मला टीचर म्हणत म्हणून मावशीही टीचर म्हणत, पण पुढे ‘गो’ लावून. “अगो टीचर, पोराला भूक लागलीय, तुझी उद्दिष्टं मंग भर.” मला राग यायचा. मी काही कमी तापट नाही. पण मूल खरंच भुकेलेलं असायचं, आणि मग मी मुकाट्यानं फाइल मिटायची.

ठेंगणा बांधा, उन्हानं रापलेला रंग, बांगड्यांना अडकवलेल्या दहाबारा सेफ्टीपिना. कुणाचं बटण तुटलं, कुणाची चड्डी सैल झाली की बांगडीवरून एक पीन कमी व्हायची. आणि आवाज! पेणच्या खाडीकडच्या गावात त्यांचं तरुणपण मिठागरात गेलं होतं. या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही तो पलीकडच्या बांधावर असल्यासारखं त्या बोलत.

त्यांच्या गाडीत नुसतं बसायला कुणालाच परवानगी नव्हती. प्रत्येकाला काम. एकीनं डब्यांची पिशवी सांभाळायची. एकानं दार लागल्यावर “चला” म्हणायचं, आणि त्याला “चला” म्हणायला कधीकधी दोन मिनिटं लागत. तोवर ड्रायव्हर गिअरला हात लावत नसे. दिनेशचं काम सगळ्यांत मोठं होतं. नागोठण्याच्या पुलावर अंबा नदीला पाणी किती आहे ते त्यानं सांगायचं. तो खिडकीतून बघायचा आणि स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायचा. घोटा, गुडघा, कंबर. जुलैतल्या एका सकाळी त्यानं हात ठेवला थेट गळ्यावर!

“गाडी फिरव,” मावशी म्हणाल्या.

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. पाऊस तर पहाटेच थांबला होता. नदी भरलेली होती, पण पुलाच्या चांगली खाली. मीही म्हटलं, “मावशी, पाणी इतकं नाहीये हो.” पण गाडी फिरली. नागोठण्याच्या स्टँडसमोर आम्ही वडापाव खाल्ले आणि सगळी गँग परत पेणला. पाणी काही चढलं नाही. दिवसभर लख्ख ऊन पडलं! सर फोनवर इतके चिडले की मी फोन कानापासून लांब धरला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मावशींना बोलावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “सांगायचं काम त्याचं हाय सर. ऐकायचं काम आपलं. आज त्याचं ऐकलंच नाय तर उद्या तो सांगंल कशाला?”

माझ्या पदविकेत हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याच दिवशी सकाळी येताना पुलावर दिनेशनं नदीकडे इतकं निरखून पाहिलं होतं की त्याचं नाक काचेला चिकटलं होतं. मग त्यानं खाली वाकून गुडघ्याला हात लावला. त्याला कळलं होतं की आपल्या हातावर अख्खी गाडी वळते, आणि नंतर त्यानं उगाच गळा कधी दाखवला नाही.

मावशींचं मिठागर शाळेतही आलं होतं. मीठ धरायच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. बायामाणसं ओळीनं उभी राहतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात आणि एका तालात पाय आपटत पुढे सरकतात. वर्गात रडारड सुरू झाली, कुणी डोकं भिंतीवर आपटू लागलं की मावशी व्हरांड्यात उभ्या राहून ओरडत, “चला रं, तुडवायला!” मुलं धावत सुटायची. खांद्यावर हात, आणि धप्प धप्प धप्प! दहा मिनिटांत सगळे घामाघूम आणि शांत. मुलांना निवांत करायला मी हट्टानं मागवलेल्या मऊ गाद्या आणि दिवे खोलीत तसेच पडलेले. त्यांवर दुपारी सरांचं मांजर झोपायचं.

आता सायलीबद्दल सांगायला हवं.

सायली अकरा वर्षांची, रोह्यातलीच. वडील धाटावला शिफ्टमध्ये, आई वैशालीताई घरी शिवणकाम करणाऱ्या. सायलीला आवाज सोसत नसे. कुकरची शिटी झाली, खुर्ची सरकली की ती कानांवर हात दाबून किंचाळायची, मनगट चावायची. मनगटावर घट्टे पडले होते. आणि घर कुठे, तर रोह्याच्या ऐन पालखीच्या रस्त्यावर!

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी रोह्याच्या ग्रामदैवताची पालखी निघते. देव देवळातून बाहेर पडतो आणि गल्लीगल्लीतून दारोदार जातो. लोक उंबऱ्यात रांगोळी घालून वाट बघत असतात. दार उघडं असेल तिथे पालखी थांबते, ओवाळून घेते. बंद दारावरून ती पुढे जाते. मुंबईला, पुण्याला गेलेली रोह्याची माणसं दिवाळी चुकवतील, पालखी नाही.

वैशालीताईंचं दार सहा वर्षं बंद होतं. ढोल ऐकू आले की त्या सायलीला घेऊन मागच्या मोरीत बसायच्या, तिच्या डोक्याभोवती गोधडी गुंडाळून. शाळेत पालकसभेत त्यांनी हे सांगितलं तेव्हा रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “आवाज लांब गेला की कळतं, देव गेला आपल्या दारावरून. यंदा मी तिला घेऊन माहेरीच जाते. निदान बंद दार तरी बघायला नको.”

“कुठं नाय जायचं,” मागून खाडीपलीकडचा आवाज आला. “यंदा तुझ्या दारात देव थांबंल. मी सांगते.”

मी मावशींना बाजूला घेऊन चांगलीच फैलावर घेतलं. असं वचन देतात का? आईच्या जिवाशी खेळ आहे हा! मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला ओढत शाळेच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे सायली मिक्सरसमोर उभी होती. तिनं बटण फिरवलं. घर्रर्र! बंद केलं. पुन्हा घर्रर्र! आणि ती हसत होती. हाच मिक्सर दुसऱ्या कुणी लावला तर ती शाळा डोक्यावर घ्यायची.

“बघ,” मावशी म्हणाल्या. “तिला आवाजाची भीती नाय गो. न विचारता येतो ना आवाज, त्याची भीती हाय. आपलं तरी काय येगळं हाय? मना कुनी कानाशी फटाका लावला तर मी पण चावीन.”

दोन वर्षं सायलीची फाइल मी लिहीत होते. त्यात हे वाक्य नव्हतं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला! त्या संध्याकाळी मी घरी जाऊन नवीन आराखडा लिहिला.

आषाढातच मावशी आपल्या धाकट्या दिराला, जनूभाऊंना, ढोलासकट घेऊन आल्या. जनूभाऊ म्हणजे खाडीपट्ट्यातले नावाजलेले ढोलवाले. नियम साधा होता. सायलीनं हात वर केला की ढोल थांबला पाहिजे, खाली घेतला की सुरू. पहिल्या दिवशी जनूभाऊ मैदानाच्या पार टोकाला, कंपाउंडच्या भिंतीशी. सायली व्हरांड्यात, मावशींच्या कुशीत. एक ठोका पडला. सायलीनं एक हात कानावर दाबला आणि दुसरा झटक्यात वर. ढोल गप्प! तिनं मैदानाकडे पाहिलं. हळूच हात खाली घेतला. ढोल सुरू. हात वर. गप्प!

त्या तासाभरात जनूभाऊ किती वेळा थांबले कोण जाणे. जाताना घाम पुसत म्हणाले, “वहिनी, लग्नात, जत्रेत, दारू प्यालेल्या माणसांनी पन मना इतक्या वेळा कधी थांबवला नाय!”

“मंग आता शिका थांबायला,” मावशी म्हणाल्या.

दर शनिवारी ढोल थोडा थोडा जवळ येत गेला. पिंपळापर्यंत, मग घसरगुंडीपर्यंत. एकट्या सायलीला हा मान मिळतो म्हटल्यावर बाकीच्यांनी बंड केलं, तेव्हा सगळ्यांनाच पाळी द्यावी लागली. दिनेश तर हात वर करून इतका वेळ उभा राहायचा की जनूभाऊ बिडी ओढून यायचे. गणपतीच्या तोंडावर पेणच्या कारखान्यांतून मूर्ती भरलेले टेम्पो शाळेपुढून वाजतगाजत जाऊ लागले, तरी सायली वर्गाच्या खिडकीशी बसून राहिली. नवरात्रात ढोल व्हरांड्याच्या पायरीशी आला. तिचे दोन्ही हात कानांवरून निघाले होते. मनगटाचे घट्टे मऊ पडायला लागले होते. वैशालीताईंनी नवी साडी घेतली, दाराला रंग दिला, नवऱ्यानं शिफ्ट बदलून घेतली. आम्हा सगळ्यांच्या अंगात नुसता उत्साह भरला होता!

पालखीच्या दिवशी शाळेची गाडी पेणहून मुलांना घेऊन आली. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही सगळे सायलीच्या दारात. गल्लीभर रांगोळ्या, झेंडूची तोरणं, पत्र्यांवर चढलेली माणसं. सायली उंबऱ्याच्या आत उभी, पिवळा फ्रॉक, केसांत गजरा. दार सताड उघडं. वैशालीताईंच्या हातात आरतीचं ताट.

लांबून ढोल ऐकू आले. गल्लीच्या तोंडाशी गुलाल उडाला. आणि मावशी माझ्या कानाशी, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, म्हणाल्या, “टीचर, ह्यांना कुठं ठाव हाय?”

मला आधी कळलंच नाही. मग समोर पाहिलं आणि कळलं. समोरून येत होतं ते रोह्याच्या पोरांचं पथक, ओळीनं दहाबारा ढोल. थांबायला शिकले होते ते एकटे जनूभाऊ, आणि ते आज त्यांच्या गावी! मावशींच्या गावात बाजा एकच. कुणी हात वर केला की वाजवणारा थांबतो, म्हातारं माणूस पडलंबिडलं असेल म्हणून. मावशींना वाटलं होतं, सगळीकडे असंच असतं. आणि मी? मी तर चार महिने आराखडा लिहिला होता. प्रत्येक शनिवार, प्रत्येक पाऊल. पालखीपुढे वाजवणाऱ्यांना सांगायला हवं, ही एक ओळ माझ्याही कागदावर नव्हती.

मावशी गर्दीत घुसायला निघाल्या, पण ढोल आलेच. भिंती हादरायला लागल्या. सायलीनं हात वर केला.

ढोल थांबले नाहीत.

तिनं हात आणखी वर केला. टाचा उंचावल्या. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तिला काही समजतच नव्हतं. हात वर आहे, मग हे थांबत का नाही? दुसरा हात सावकाश कानाकडे जायला लागला. वैशालीताईंनी ताट खाली ठेवलं आणि दाराची कडी धरली. दार हललं. अर्धं लागलंही.

तेवढ्यात माझ्या शेजारी दिनेशचा हात वर गेला. मग डब्यांच्या पिशवीवालीचा. मग ‘चला’वाल्याचा, त्याचा जरा उशिरा. चार महिने शनिवारी जे केलं तेच मुलं करत होती, कुणी सांगितलं नव्हतं. मावशींनी वळून पाहिलं आणि त्यांचेही दोन्ही हात वर. मीही केला. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, हा देवाचा जयजयकार चाललाय! त्यांनीही हात वर करून देवाच्या नावानं अशी आरोळी ठोकली की आवाज दुप्पट झाला! मी रडावं की हसावं या विचारात, आणि वैशालीताईंनी कडी सोडली. दार तसंच अर्धं ठेवून त्या लेकीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात वर केला.

सगळ्यांत पुढे वाजवणारा पोरगा विशीचा असेल. त्यानं आधी ही लहान मुलांची ओळ पाहिली. आरोळी संपली तरी त्यांचे हात खाली येत नव्हते, आणि सगळ्यांचे डोळे देवाकडे नव्हते, त्याच्याकडे होते. मग त्याची नजर सायलीवर गेली. टाचा उंचावून, ओठ घट्ट मिटून, ती थेट त्याच्याच टिपरीकडे बघत होती. टिपरी हवेतच राहिली. त्याला पाहून शेजारचा थांबला, मग त्याच्या शेजारचा. आणि भर पालखीत आमची गल्ली शांत झाली! पालखी खांद्यावर घेतलेल्या माणसांचे श्वास ऐकू येत होते.

“का रे थांबवलं?” मागून कुणा वडीलधाऱ्याचा आवाज आला.

मावशींचा गळा मोकळा झाला. “हुकूम झालाय! पोरीचा हात खाली येऊ दे, मंग वाजवा!”

कुणी हसलं नाही. सगळे थांबले. सायलीनं ढोलांकडे पाहिलं, पालखीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग हात खाली घेतला.

ढोल असे घुमले की घरांचे पत्रे वाजायला लागले. सायली हसत होती! हात वर, सगळं गप्प. हात खाली, दणदणाट. पुढचा पोरगाही आता हसायला लागला होता, आणि तिसऱ्या वेळी अख्खी गल्ली श्वास रोखून एका पिवळ्या फ्रॉकवालीच्या हाताकडे बघत होती. मुलांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले आणि ठेक्यावर रस्ता तुडवायला सुरुवात केली. अर्धं लागलेलं दार वडिलांनी ढकलून पूर्ण उघडलं. पालखी उंबऱ्याशी आली, वैशालीताईंनी ओवाळलं. सहा वर्षांचं सगळं रडणं त्यांना तेव्हा आलं. पालखीच्या वाटेवर आमच्या दाराइतकी ती दुसऱ्या कुठल्या दारात थांबली नसेल.

दिवाळीच्या सुट्टीत मावशींच्या मुलीला उरणला जुळं झालं. त्या गेल्या त्या तिकडेच राहिल्या. फोन येतो. बांधावरून ओरडल्यासारखं सगळ्यांची नावं घेऊन विचारतात, आणि दिनेशला फोन द्यायला लावून त्याच्याशी पाच मिनिटं बोलतात. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या पालखीच्या त्या सकाळच्याच.

पालखी पुढच्या दारांकडे सरकली होती. सायली पायरीवर बसून फ्रॉकवरचा गुलाल बोटानं गोळा करत होती. मी मावशींना म्हटलं, “काय सुंदर दिसत होता हो देव, नाही?”

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. पालखी दारात होती तो सगळा वेळ त्यांनी तिच्याकडे पाठ केली होती. त्या सायलीचं तोंड बघत बसल्या होत्या.

“अगो बाय! देव बघायचा रायलाच की माझा!”

पायांतल्या चपला काढून त्यांनी माझ्या हातात कोंबल्या, पदर कमरेला खोचला आणि साठीच्या त्या बाईनं भर गल्लीत धूम ठोकली. “थांब रं बाबा! मी रायले!” असं थेट देवालाच ओरडत, माणसांना कोपरानं बाजूला सारत, रांगोळ्यांवरून उड्या मारत त्या धावत होत्या. वळणावर अंबाडा सुटला. तो बांधायलाही त्या थांबल्या नाहीत.